धोंड्याचं वाण

धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं. खुशालरावांनी चांदीचं ताट नको म्हटलं आणि आपल्या फटफटीचे दोन टायर मागितले. सासरे नत्थुजी हौसेनं त्यांना अकोल्याच्या दुकानात घेऊन आले, पण तिथं नवं टायर निघालं एकच.

"पुढं लावू का मागं?" मिस्त्रीनं विचारलं.

"पुढं लाव," नत्थुजी म्हणाले. "पुढचं फुटलं का माणूस तोंडावरच पडते."

"मागं लाव!" खुशालराव एकदम तडकले.

नत्थुजींनी मनातच हात जोडले. एकाच टायरावर बोळवण झाली म्हणून जावई रुसला, आता हा राग लेकीवर, सुभद्रेवर निघणार! पांडुरंगा, पोरीले सांभाळ रे बापा!

"जवाईबापू, दुसरं बी देतो ना, अमरावतीहून मागवतो. पण असं जिवाशी काहून खेळून राह्यले तुमी?"

खुशालरावांची मान खाली गेली.

"पुढचं मी हातानं आवरीन, मामाजी. मागं तुमची लेक बसते. अन् आता ते एकटी नसते."