मोकळा मांडव

"हा बी नको," कमळाआय म्हणाली आणि पदर खोचून पुढच्या मांडवाकडं निघाली.

शेलार गावात मांडववाल्या अरशदच्या गोदामामागं मोकळ्या जागेत नमुन्याचे मांडव उभे होते. एकाला झुंबरं टांगलेली. त्यात शिरून कमळाआयनं वर बघितलं नि म्हणाली, "हळदीत नाचायचं का डोकं सांभाळायचं?" दुसऱ्याला लाकडी पायऱ्या चढून जायचं होतं. तिनं पहिल्या पायरीवर पायसुद्धा ठेवला नाही.

उरला शेवटचा. पांढराशुभ्र, काचेच्या दाराचा, आत एसी. तिच्या लेकाचे, धनेशचे, डोळे लकाकले. त्याच्या लेकीची हळद होती. गावात, दिघाशीत, वर्षभर नाव निघालं पाहिजे, अशी त्याची हौस. गावातल्याच बाळारामनं असाच मांडव घातला होता आणि त्याचा मोठेपणा अजून खाली उतरला नव्हता.

"आय, ये देखो," अरशद म्हणाला. "आत शिरलात की महाबळेश्वर. धूळ नाय, मच्छर नाय. चारो तरफ से पॅक."

"पॅक करायला हळद हाय का फरसाण?"

पूर्वी, म्हणजे नवरीच, फिसकन हसली. कमळाआय मात्र दारापाशी थबकली होती. चौकटीच्या तळाला जमिनीसरशी लोखंडाची आडवी पट्टी होती. तिनं चपलेच्या टोकानं ती ठोकून बघितली.

"ही काढ."

"काढली तर चौकट कशी उभी राहणार, आय? दरवाजा तिच्यावरच बसतो."

"मग दरवाजाच कशाला? पावणं काय पळून जाणार हायत?"

"आय!" धनेशचा धीर सुटला. "सकाळपासून ह्याला नाव ठेव, त्याला नाव ठेव. तुला पायजेल तरी काय?"

"मी लग्न होऊन आले तेव्हा होता तसला. खाली बांबू, वर कापड. चारी बाजूंनी मोकळा. आणि अंगणात आटपायचा नाय, पार रस्त्याच्या डांबरापर्यंत आणायचा. गाडीतनं उतरलं की पहिला पाय मांडवात पडला पायजेल. हळदीचा पाट बी तिकडंच, रस्त्याच्या अंगाला."

"रस्त्याला? घरात देव सोडून पोरीला रस्त्याला बसवू? लोकं हसतील."

"हसू दे. हळदीला रडायला कोण येतंय?"

अरशदनं धनेशकडं बघून खांदे उडवले. "अब्बांच्या वक्ताचं कापड पडलंय आत. लाल-पिवळं. दाखवतो." तो गोदामात गेला. धनेश पाठ फिरवून मोबाईलमध्ये उगीच बोट फिरवत राहिला.

पूर्वी आजीच्या जवळ सरकली. हळूच म्हणाली, "आजी, आपल्यात पहिली हळद आत्यानं लावायची असते ना? मग मला कोण लावणार?"

"पूर्वी, गप," धनेश मान न वळवता म्हणाला.

त्या घरात आत्या हा शब्द कोणी काढत नसे. आत्या होती. उन्नती, धनेशची धाकटी बहीण. राहायलाही लांब नव्हती, पडघ्याला, हायवेच्या कडेला, नवऱ्याच्या टायरच्या दुकानामागं. पण साखरपुडा एकाशी ठरलेला असताना तिनं आपल्या मनानं दुसऱ्या जातीतला नवरा केला, आणि कमळाआयनं साऱ्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं, "माझ्या उंबऱ्याला पाय लावलास तर मी तुझी आय नाय."

कमळाआयचा शब्द म्हणजे खडकात ठोकलेली मेख. दुसऱ्याच्यानं उपटत नाही, आणि तिच्या स्वतःच्यानं तर नाहीच.

पोरगी आईवर गेलेली. बाप तुळशीराम वारला तेव्हा पडघ्याहून धावत आली. दारापर्यंत आली आणि उंबऱ्याच्या अलीकडं थांबली. तिथूनच वाकून बापाचं तोंड बघितलं. आत भिंतीला टेकून बसलेली कमळाआय मनात म्हणत होती, टाक गं, एक पाऊल टाक, मी काही बोलायची नाही. पण मनातलं ओठावर आलं नाही. उन्नतीनं बाहेरूनच उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि ती गेली.

तेव्हापासून दार वाजलं की कमळाआयची मान सगळ्यांच्या आधी वळते. मग ती मांजराला शिव्या घालते.

अरशद कापडाचा गठ्ठा घेऊन आला आणि त्यानं तो उलगडला. रंग उडालेला होता, कडेला ठिगळ होतं. कमळाआयनं त्यावरून हात फिरवला.

"हाच. धुऊन घे. बाजूला पडदा नको, दार नको, पायरी नको. रस्ता आणि मांडव यांच्यामध्ये काय बी नको. कळलं?"

"कळलं, आय. फाटक पण नको?"

"ते तर आधी उपट."

गाडीत बसल्यावर धनेश दिघाशीच्या वाटेला लागणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आधी पडघ्याला घे. मी गाडीतच बसते. तू जा आणि उन्नतीला हळदीचं बोलावणं कर. नवऱ्याला बी."

धनेशनं गाडी कडेला घेतली. पूर्वीनं मागून आजीचा खांदा घट्ट धरला. शेजारून ट्रक जात राहिले.

"ती यायची नाय, आय," शेवटी धनेश म्हणाला. आता त्याच्या आवाजात राग नव्हता. "बाप गेला तेव्हा बी तुझ्या शब्दापायी ती आत आली नाय, आता कशी येईल? तू तुझा शब्द मागं घेतलास, असं सांगू का?"

"मी कशाला मागं घेऊ?" कमळाआयनं तोंड खिडकीकडं वळवलं. पदराचं टोक डोळ्याला लावलं आणि धुळीला एक शिवी घातली.

"तिला एवढंच सांग, मांडवाला उंबरा नसतो."