मागची टकटक

माझे वडील नावाजलेले शिकारी आणि वाटाडे. धुक्यात ते पुढे चालत आणि खडकावर काठी आपटत, जरा ओढून. मागचा प्रत्येकजण क्रमाने एकेकदा आपटे. तेवढ्यावरून माणसं पुरी आहेत हे त्यांना कळे. ते वळून बघत नसत.

त्या दिवशी मागे मी आणि काका, दोघंच होतो. उतारावर तिसरी टकटक आली.

"बघू नका. चालत राहा," बाबा म्हणाले.

घरी आल्यावर ते दार उघडं धरून उभे राहिले.

"आता कोण यायचंय, माझी सवत?" आई म्हणाली. "लावा ते, गारठा येतोय."

बाबांनी दार लावलं. डोंगरात ते पुन्हा गेले नाहीत. पण घरात काठी टेकली की मागून एक टकटक येई आणि त्यांचा चेहरा उतरे.

बाबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. हल्ली माझे गुडघे कुरकुरतात, म्हणून आज माळ्यावरून त्यांची काठी काढली आणि फरशीवर टेकली.

मागून टकटक आली. मग आणखी एक, जरा ओढलेली.

"बाबा?" माझ्या तोंडून निघालं आणि मान वळायला लागली.