कमरेचं माप

शाळेतले कवायतीचे मास्तर कपड्यांच्या दुकानात तिसऱ्यांदा त्याच स्कर्टांपाशी घुटमळले आणि त्यांतला एक त्यांनी हातात घेतला.

“बायकोसाठी,” विक्रेत्या मुलीने काही विचारायच्या आतच त्यांनी सांगून टाकलं.

“कमरेचं माप?”

“असेल... माझ्याएवढंच.”

मुलगी मोठं माप शोधायला गेली. तेवढ्यात कपडे घालून बघायच्या खोलीचा पडदा सरकला आणि पन्नाशीचा एक गृहस्थ निळा स्कर्ट घालून बाहेर आला. आरशासमोर हौसेने गिरकी घेत त्याने मास्तरांनाच विचारलं, “मागून नीट बसलाय ना हो?”

गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या दोन बायका फिदीफिदी हसल्या. आपल्या हातातला स्कर्टही त्यांना दिसला असणार, असं वाटून मास्तरांच्या तोंडून मैदानावरचा आवाज निघून गेला, “बाप्या माणसाने हे असले कपडे घालायचे? काही लाजलज्जा?”

बायका आणखीच हसल्या. गृहस्थाचा चेहरा खर्रकन उतरला आणि तो आत गेला. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला ते पडद्यापाशी गेले, हातातला स्कर्ट तसाच घेऊन.

गृहस्थ पँट घालून बाहेर आला. मास्तरांकडे क्षणभर बघून त्याने तो निळा स्कर्ट त्यांच्या हातात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “मला कमरेत सैल होतो, तुम्हाला बसेल. जा, बघा घालून. मी उभा आहे इथे, पडद्यापाशी.”