अर्ध्याचं अर्धं

सुपडू शाहिरानं आपला डफ दोन फडांच्या मधल्या घोंगडीवर ठेवला, तेव्हा मागून सूर धरणाऱ्या त्याच्या झिलकऱ्यांची तोंडं उतरली. जत्रेची रीतच तशी होती. शेवटच्या सवालाला डफ पणाला लावायचा. समोरच्या फडानं जवाब दिला की डफ त्यांचा. आणि हा डफ सुपडूच्या बापाचा होता. कडं दोनदा बदललेलं, पण आवाज अजून तोच.

समोर होते चाळीसगावकडचे अभिमन आबा. या जत्रेत त्यांना आजवर कुणी गप्प केलं नव्हतं. पुराणातला कुठलाही सवाल टाका, आबा मिशीवर ताव देऊन जवाब गाऊन मोकळे. म्हणून यंदा सुपडूनं पुराणच सोडलं. सवाल त्याला त्याच्या मुलीनं, सुगंधानं दिला होता. ती अमळनेरला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकत होती, आणि झेनो नावाच्या कुणा जुन्यापुराण्या ग्रीकानं सध्या तिची झोप उडवली होती.

सुपडूनं आबांच्या पायांपासून डफापर्यंत बोट फिरवलं आणि चढ्या आवाजात सवाल टाकला.

"आठेथून डफलगून जानं शे. पहिले अर्धं चालनं पडी. उरेल मा बी पहिले अर्धं. मंग त्याना बी अर्धं. अर्धं काही सरत नही. मंग आबा, मानूस डफलगून पोचस कसा?"

जत्रेतल्या लिंबाखाली माणसं दाटीनं बसली होती. गावात नवा नवा टीव्ही आला होता, तो बंद करून सगळे इथे येऊन बसले होते. अर्धं, अर्ध्याचं अर्धं, त्याचं अर्धं, असं एकानं बोटांवर मोजायला घेतलं. त्याची बोटं संपली. सुगंधा बायकांच्या रांगेत बसली होती. आजोबांचा डफ तिच्या भरवशावर त्या घोंगडीवर पडला होता.

अभिमन आबांनी मिशीला हातही लावला नाही. उठले, धोतराचा सोगा खोचला, सरळ चालत घोंगडीपाशी आले आणि डफ उचलला.

"पोचनू," ते म्हणाले.

मग जो कल्ला झाला, तो पार धरणगावच्या सडकेपर्यंत ऐकू गेला असेल. टोप्या उडाल्या. सुपडू मान खाली घालून बसला. सुगंधाला मात्र हसू आवरेना. झेनोच्या सवालाला डायोजेनिस नावाच्या फकिरानंही असंच नुसतं चालून दाखवलं होतं, असं सरांनी वर्गात सांगितलं होतं. आणि आबांनी तर त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. तिला केवढा आनंद झाला. पण वर्गात जे खटकलं होतं, ते इथेही खटकलं. ती उठली. बायकांच्या रांगेतून आजवर कुणी फडात तोंड उघडलं नव्हतं. आईनं हात धरून खाली ओढलं, तो हात तिनं सोडवला.

"आबा, तुम्ही पोचनात, हाई बठ्ठासनी देखं. पन कसा पोचनात, ते सांगा."

"मना पायच मना जवाब शे, पोर."

पंच जीवराम नाना इतका वेळ डोळे मिटून बसले होते. त्यांनी ते उघडले. "पाय काही बोलत नही, आबा. जवाब तोंडवरी देनं पडस."

दुसरा कुणी असता तर हमरीतुमरीवर आला असता. आबा अस्सल शाहीर. त्यांनी डफ परत घोंगडीवर ठेवला, आपल्या जागेवर गेले आणि पुन्हा निघाले, या खेपेला सावकाश.

"हाई अर्धं." थांबले. "हाई उरेलनं अर्धं."

पावलं लहान होत गेली. दोन्ही फडांचे झिलकरी त्यांच्या मागून पुटपुटू लागले, अर्धं, अर्धं. सडकेवर चाळीसगावची एसटी हॉर्न देऊन देऊन थकली, आणि शेवटी तिचा ड्रायव्हरच खाली उतरून गर्दीत घुसला.

डफ वीतभर उरला. आबांनी पाय उचलला, आणि तो हवेतच राहिला.

"थांब पोर," ते हळूच म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "इचार करू दे."

सुपडूनं मान वर केली. लिंबाखाली सगळं गाव उठून उभं होतं, आणि मधोमध अभिमन आबा, एका पायावर.