पाचांत एक चूक

तुर्कस्तानची राजधानी कोणती, हा चौथा प्रश्न होता. पोस्टकाकांनी 'इस्तंबूल' लिहिलं, उत्तर ग्रुपवर पाठवून दिलं आणि चष्मा पुसून खुर्चीत सरसावून बसले. आता मजा येणार होती.

अंकारा हे बरोबर उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं, असं अजिबात नाही. एकतीस वर्षं परदेशी टपालाच्या थैल्या लावण्यात गेलेला माणूस. झोपेतून उठवून विचारा. पण बरोबर उत्तराला ग्रुपवर एक अंगठा मिळायचा आणि विषय संपायचा. चुकलं की सगळे तुटून पडायचे. शिलाईवाल्या ताई खोटं खोटं रागवायच्या, ड्रायव्हर ट्रक बाजूला घेऊन टोमणे मारायचा, आणि रोज सकाळी प्रश्न काढणारे दातांचे डॉक्टर दवाखाना उघडेपर्यंत समजावत बसायचे. अर्धापाऊण तास कसा जायचा कळायचं नाही. म्हणून काका रोज पाचांतला एक प्रश्न नीट निवडून चुकायचे. चुकायलाही अक्कल लागते म्हटलं!

कालच ड्रायव्हरने लिहिलं होतं, "काका, तुमच्या हातून किती पत्रं भलत्याच देशात गेली असतील हो? बिचाऱ्यांची लग्नं मोडली असतील!" काका एकटेच इतके हसले होते की ठसका लागला आणि पाणी प्यायला उठावं लागलं.

आज मात्र फोन गप्प होता.

बऱ्याच वेळाने ताईंचा मेसेज आला. "छान प्रयत्न, काका." ड्रायव्हरने नुसते हात जोडले. काकांनी थोडी वाट पाहिली, मग न राहवून स्वतःच काडी घातली. "काय मंडळी, आज माझी बिनपाण्याने कोणी करणार नाही वाटतं?"

"तुम्ही रोज खेळता हेच खूप आहे, काका," ताईंनी लिहिलं.

काकांना काही उमजेना. तेवढ्यात डॉक्टरांचा मेसेज आला, ग्रुपवर नव्हे, फक्त त्यांना.

"काका, राग मानू नका. महिनाभर बघतोय. ज्या कामात हयात घालवलीत, त्यातलंच तुम्ही विसरायला लागलात. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, यापुढे काकांची चेष्टा नको. एकदा दाखवून घ्या कोणाला तरी. घरी आहे ना कोणी सोबतीला?"

काकांना आधी हसू आलं. मग त्यांनी मेसेज पुन्हा वाचला आणि त्यांचं तोंड उतरलं. भली माणसं ही, पण प्रेमापोटी तोंडचा घास काढून घेतला की हो त्यांनी!

'अहो, मी मुद्दाम चुकतो,' त्यांनी लिहिलं आणि वाचून पाहिलं. विसरायला लागलेला म्हातारा दुसरं काय म्हणणार? आणि मुद्दाम कशाला, असं विचारलं तर? चुकल्याशिवाय माझ्याशी कोणी बोलत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी लिहिलेलं सगळं खोडून टाकलं.

ग्रुपवर पाचानंतरचा शेवटचा जादा प्रश्न पडला. बुर्किना फासो या देशाची राजधानी कोणती? जादा प्रश्न डॉक्टर असाच आडवळणाचा काढायचे, तो सहसा कोणाला येत नसे. काकांनी क्षणाचाही विचार केला नाही.

"वागाडुगू."

"हे उत्तर आहे की शिवी?" ड्रायव्हरने विचारलं.

"अहो, बरोबर आहे!" डॉक्टरांनी लिहिलं. "काका, कमाल केलीत!"

फोन पुन्हा वाजायला लागला. टाळ्या, फुलं, हसणारी तोंडं. काकांचा जीव भांड्यात पडला. चला, गाडी आली रुळावर.

"काका, खरं सांगा हं," ताईंनी लिहिलं. "शेजारून कोण सांगतंय? मुलगा आलाय ना घरी?"

काकांनी मान वर केली. समोरच्या खुर्चीवर आठवड्याभराची वर्तमानपत्रं होती. दारामागच्या खुंटीवर त्यांचाच शर्ट आणि त्यांचीच छत्री. नाही म्हणावं, तर डॉक्टर पुन्हा सोबतीचं विचारणार. सगळे पुन्हा जपून जपून बोलणार. ते नको होतं.

"हो," त्यांनी लिहिलं. एवढ्यावर भागलं असतं, पण बोटं थांबेनात. "मुलगा, सून, दोन्ही नातवंडं. घर नुसतं गजबजलंय."

पलीकडे सगळ्यांना मनापासून आनंद झाला. आता माझी काळजी मिटली, असं डॉक्टरांनी लिहिलं.

"अहो, मग फोन काय घेऊन बसलात?" ताईंनी दटावलं. "बसा की त्यांच्यात!"

आणि ड्रायव्हरने लिहिलं, "चला मंडळी, आज काकांना कोणी मेसेज करायचा नाही हं."