मानाचा पसंतीक्रम

कॉलेजची निवड हा विद्यार्थ्याच्या आयुष्यातला सर्वांत गंभीर निर्णय असतो आणि तो त्याने स्वतः, शांत चित्ताने घ्यावा, असं माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापलेलं होतं. बदनापूरला रामकिसन मास्तरांच्या घरी ती पुस्तिका गोजरबाईंच्या चहाच्या कपाखाली होती.

सीईटीचा निकाल लागून गेला होता. पसंतीक्रमाचा फॉर्म उद्या पाचच्या आत जालन्याला द्यायचा होता. मास्तरांच्या लेकीने, बेबीनंदाने, चार दिवस खपून यादी केली होती: बायोमेडिकल इंजिनिअरिंग कुठे कुठे शिकवतात आणि त्यातलं मास्तरांच्या पगारात कुठलं बसतं. सगळ्यांत वर मुंबईचं एक कॉलेज. फी कमी आणि शिवाय रोबोटिक्सची प्रयोगशाळा. मग पुण्याचं. तिसरं नाव नव्हतं. बाकीच्यांची फी वाचून तिने पान उलटलं होतं.

पेन मात्र धर्मराजतात्यांच्या हातात होतं. ते मास्तरांचे थोरले भाऊ, जुन्या जालन्यात कापडाचं दुकान. घराण्यातल्या सात लग्नपत्रिका त्यांनीच छापून आणलेल्या असल्यामुळे नावं क्रमाने लावायचा अनुभव दुसऱ्या कोणाला नव्हता.

“पयलं नांदेड,” तात्या म्हणाले.

“नांदेडला बायोमेडिकल नाही, तात्या. टेक्सटाइल आहे.”

“आत्या हाय ना.”

आत्या म्हणजे गोजरबाई, दोघा भावांची मोठी बहीण. त्या सकाळीच नांदेडहून येऊन बसल्या होत्या. पोरीला फुकट ठेवून घ्यायची तयारी तीन घरांनी दाखवली होती: नांदेडच्या गोजरबाईंनी, लातूरच्या धाकट्या आत्याने आणि पुण्याच्या मामाने. स्वस्त कॉलेज याचा घरात तेवढाच अर्थ होता. आणि ज्यांनी भाकर देऊ केली त्यांचा मान राखणं आलं, वयाप्रमाणे.

“तुझ्या संपतच्या लग्नात आमच्या मालकांचं नाव चौथ्या नंबरावर छापल्तं, धर्मराज,” गोजरबाई म्हणाल्या. “तीन वर्षं मी तुमच्या घरी पाऊल टाकलं न्हाई. आता पुन्हा तेच करून राह्यले का तुम्ही?”

तात्यांनी पेनाचं टोपण काढलं.

“आत्या, तिथं कापडाचं शिकवतात,” बेबीनंदा म्हणाली.

“मंग? उघडी हिंडतीस का तू?”

आतून बेबीनंदाची आई, कौसल्याबाई, म्हणाल्या, “तिच्या मनानं लिहू द्या की, आक्का. पुण्यात तिचा मामा हाय...”

“मामा पत्रिकेत शेवटीच असतो,” गोजरबाई म्हणाल्या. “अन् तुझ्या भावानं तर बायकोला इचारून हो म्हनलं.”

“आणि मुंबई?” बेबीनंदाने विचारलं.

“मुंबईत आपलं कोण हाय?” तात्या मान वर न करता म्हणाले. “तिला समस्त गावकरी मंडळीत टाकू.”

“तात्या, मार्क चांगले आहेत माझे. वर जे लिहाल तेच मिळणार. अन् पहिलं मिळालं की पुढच्या फेरीत नाव राहत नाही. नियमच आहे तसा.”

“आत्याच्या घरी राह्यची लाज वाटून राह्यली, असं सरळ म्हण,” गोजरबाई म्हणाल्या.

“लाज नाही, आत्या. मला दवाखान्यातली यंत्रं बनवायची आहेत.”

“म्हंजी डॉक्टर न्हाई.”

“नाही.”

“मंग एवढं काय.”

बेबीनंदाने बापाकडे पाहिलं. रामकिसन मास्तर सव्वीस वर्षं गणित शिकवत होते. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, “सही करून टाक, बाई. नुसतं मानाचं नाव हाय ते. यादी लावणारे बी घरदारवालेच असतेत. समजून घेतील.”

“अण्णा, यादी कॉम्प्युटर लावतो.”

“त्याला बी कोणी तरी चालवतंयच ना.”

तात्यांनी बिलकुल खाडाखोड न करता, वळणदार अक्षरात चारही नावं भरली. नांदेड, लातूर, पुणे, मुंबई. बेबीनंदाने खाली सही केली. तात्यांनी एक नंबरचं नाव मोठ्याने दोनदा वाचून दाखवलं, तेव्हा कुठे गोजरबाई जेवायला उठल्या.

पंधरा दिवसांनी यादी लागली. बेबीनंदाला पहिली पसंती मिळाली.