विश्रामबागचा दाढीवाला

सेमीफायनलला आमच्या सातारच्या टीमची गाठ सांगलीच्या विश्रामबागशी पडली. त्यांचा उंच दाढीवाला फ्री थ्रोला उभा राहिला आणि त्यानं चेंडू कपाळाला लावला. ही सवय माझ्या थोरल्या भावाची, अर्जुनादादाची. एकाहत्तरच्या लढाईत तो गेल्याची तार आली होती. पुढं घरच्यांनी हरणावहिनीचा पाट माझ्याशी लावला.

"दादा?"

त्यानं माझ्याकडं न बघता चेंडू टाकला. बास्केट झाली.

"दादा, जित्ता हुतास तर घरी का न्हाई आलास?"

"आलतो की, नाना. दारातच तुझ्या पोराच्या बारशाच्या घुगऱ्या हातावर पडल्या. त्या खातखातच माघारी फिरलो."